दादाच्या ‘सर्कस’च्या कॅसेटी घरच्या घरी कशा उतरवून घेतल्या

कॅसेटच्या कडेला दादाच्या अक्षरात लिहिलंय, ‘सर्कस ३ – पुसू नये’. त्याच्या वर बॉलपेनने खोडलेलं, पण उजेडाकडे तिरकं धरलं की वाचता येणारं, बाबांचं अक्षर आहे. ‘नलूचे लग्न, भाग २’. म्हणजे जिच्यावर ‘पुसू नये’ असं बजावलंय, ती कॅसेट मुळात दुसऱ्याचं पुसूनच तयार झालेली. १९९० साली या एका कॅसेटवरून आमच्या लालबागच्या खोलीत जे रामायण झालं ते चाळीच्या दोन मजल्यांनी ऐकलं.

गेल्या हिवाळ्यात मी अशा तीन व्हिडिओ कॅसेटी भांडुपच्या घरी बसून कॉम्प्युटरवर उतरवल्या. मी शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक आहे, त्यामुळे स्क्रू, स्पिरिट, ड्रॉपर यांची भीती नाही, पण व्हीसीआरचं, म्हणजे टीव्हीवरचं कॅसेटवर भरणाऱ्या आणि परत दाखवणाऱ्या मशीनचं, माझं ज्ञान शून्य होतं. चुका करत शिकले. आता ओळखीचे लोक कॅसेटींच्या पिशव्या घेऊन दारात येतात, तर प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच काढते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ‘सर्कस’ ही १९८९-९० मधली दूरदर्शनवरची मालिका. दिग्दर्शन अझीझ मिर्झा आणि कुंदन शाह यांचं. सर्कसमालकाचा मुलगा शेखरन म्हणजे शाहरुख खान. तेव्हा तो आमच्यासाठी फक्त ‘फौजीतला तो’ होता. मारिया झालेली रेणुका शहाणे. ‘सुरभि’तलं तिचं हसू देशभर पोचायच्या आधीची गोष्ट आहे ही. शहाणे आडनाव वाचून आईला कोण आनंद! ‘आपल्यातली आहे’ म्हणून तिने शेजारच्या काकूंना हाका मारून बोलावलं होतं. आशुतोष गोवारीकर होता, पवन मल्होत्रा होता, मकरंद देशपांडे होता. मला मात्र माणसांपेक्षा तो तंबूच आवडायचा. कनातीतून गाळून येणारा उजेड, भुसा टाकलेलं रिंगण, खेळ नसताना रिकाम्या पडलेल्या पायऱ्या. सर्कस बघायला आम्ही दोनदा गेलो होतो, पण सर्कशीची मागची बाजू, जिथे दोऱ्यांवर कपडे वाळत असतात आणि विदूषक रंग न लावता चहा पितो, ती पहिल्यांदा दिसली ती या मालिकेत.

आणि व्हीसीआर आमचा नव्हे, मामाचा. तो कुवेतला होता. १९८८ साली नॅशनलचा व्हीसीआर घेऊन आला आणि ‘परत येईपर्यंत नीट वापरा’ म्हणून आमच्याकडे ठेवून गेला. १९९०च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतलं आणि मामा एका हातपिशवीवर परत आला. तिथल्या कमाईतलं जे काही शाबूत राहिलं, त्यात हा व्हीसीआर. दादाने त्याच्यावर वर्षभर सर्कस भरून ठेवलेली बघून मामा म्हणाला, ‘मशीन तरी कामाला आलं!’

आता कामाचं. पण त्याआधी एक प्रश्न मलाही पडला होता, तुम्हालाही पडेल. २०२०च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ‘सर्कस’ परत दाखवली, घरात बसून आपण सगळ्यांनी बघितली, मग या बुरशी आलेल्या कॅसेटीवर इतकी मेहनत कशाला? खरंच, मालिका हवी असेल तर मेहनत करू नका. मेहनत करायची ती कॅसेटीसाठी. त्या दिवशी त्या खोलीत अँटेनाने जे पकडलं ते सगळं तिच्यावर आहे, आणि ते दूरदर्शनच्या कपाटातही नाही. म्हणून माझा पहिला आणि सगळ्यात मोठा नियम असा की टेप पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत उतरवा आणि मध्ये काही कापू नका. याचं कारण पुढे येईलच.

दुकानात द्यायची की नाही? मी पहिली कॅसेट दिली होती. नाव घेत नाही. तीन आठवड्यांनी पेन ड्राइव्ह हातात आला. चित्र आताच्या रुंद टीव्हीला पुरावं म्हणून दोन्ही बाजूंनी ताणलेलं, शाहरुख वांग्यासारखा आडवा. ‘फालतू भाग काढून टाकलाय मॅडम’ असं वर कौतुकाने सांगितलं. फालतू भाग म्हणजे बातम्यांचा शेवट, उद्घोषिका आणि जाहिराती. वर टेपचं सुरुवातीचं टोक चुरगळलेलं. सगळेच असे नसतील. देणार असाल तर तीन गोष्टी कागदावर लिहून द्या: चौकोनी चित्र चौकोनीच ठेवा, काही कापू नका, कॅसेट परत द्या. हे ऐकून समोरच्याचं तोंड वाकडं झालं तर पिशवी उचला आणि घरी या.

घरी करायचं तर आधी मशीन लागतं. व्हीएचएस, म्हणजे आपल्या घरोघरच्या व्हिडिओ कॅसेटींचा प्रकार, चालवणारा व्हीसीआर आता कुणी बनवत नाही. जपानची शेवटची कंपनी २०१६ साली थांबली. त्यामुळे जे आहे ते जुनंच. नातेवाइकांच्या माळ्यांवर आधी विचारा. लोक टाकून द्यायला संकोचतात म्हणून बरेच व्हीसीआर अजून जिवंत आहेत. तिथे जमलं नाही तर चोर बाजार किंवा लॅमिंग्टन रोड. लॅमिंग्टन रोडला नवं काही विकणाऱ्या दुकानात विचारलंत तर हसतील. जिना चढून वर गेल्यावर जी दुरुस्तीची खोपटी आहेत, तिथे सोल्डरिंगचा वास येईल तिकडे वळा. मी अडीच हजारांना एक घेतला. मामाचा कधीच गेला होता, त्याचं झाकण आईने पोळपाटाखाली ठेवायला वापरलं.

घेताना खिशात एक टाकाऊ कॅसेट न्या. जी खराब झाली तरी डोळ्यांत पाणी येणार नाही अशी. ती घालून पाच मिनिटं चालवा, मागे-पुढे पळवा, बाहेर काढा. बाहेर काढल्यावर समोरची झडप उचलून बघा. टेपच्या कडा चुरमडल्या असतील तर आतला रबरी रोलर कडक झालाय, ते मशीन नको. आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा येत असेल तर आवाजाचं हेड, म्हणजे टेपवरून आवाज वाचणारा भाग, घाणेरडं आहे, ते साफ होतं, तेवढ्यावरून सोडू नका, फक्त भाव पाडा. घरी आणल्यावर कॅसेट न घालता तासभर नुसता चालू ठेवा. वर्षानुवर्षं बंद असलेल्या मशीनला एकदम कामाला जुंपायचं नसतं. जळका वास आला तर ताबडतोब प्लग काढा. काही मशीनवर ‘ड्यू’ असा दिवा असतो. तो लागला म्हणजे आत दमट आहे, आणि मुंबईत जून ते सप्टेंबर तो लागायचाच. म्हणून हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीतलं. पावसाळ्यात कॅसेटी उघडूसुद्धा नका.

कॅसेट हातात घेतलीत की सगळ्यात आधी तिचं लॉक तोडा. कडेला, जिथे कागद चिकटवलेला असतो त्याच बाजूला, प्लास्टिकची एक छोटी चौकोनी चकती असते. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने ती मोडली की त्या कॅसेटवर नवीन काही भरता येत नाही. ऑडिओ कॅसेटचं असायचं तसंच. हात चुकून लाल बटणावर पडला तर तीस वर्षांची गोष्ट दहा सेकंदांत जाते. आमच्या घरात हे आधी एकदा झालेलं आहे, त्याचं नाव नलूआत्याचं लग्न.

आता बुरशी. कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून रिळाकडे बघा. काळं गुळगुळीत दिसलं तर नशीबवान आहात. पांढरे ठिपके, कोळिष्टकासारखे धागे, किंवा पिठी भुरभुरल्यासारखं दिसलं तर ती बुरशी. लालबागच्या माळ्यावर, पत्र्याखाली, तीसहून जास्त पावसाळे काढलेल्या कॅसेटीवर ती नसती तरच नवल. अशी कॅसेट तशीच मशीनमध्ये घालायची नाही, अजिबात नाही. बुरशी मशीनच्या ड्रमवर, म्हणजे टेप ज्याला घासून जाते त्या फिरत्या गोल भागावर, बसते आणि मग पुढच्या प्रत्येक चांगल्या कॅसेटीला लागते. माझी ‘सर्कस २’ अशीच ‘सर्कस १’मुळे खराब झाली.

बुरशी कुठे बसलीय हेही बघा. व्हीएचएसची टेप अर्धा इंच रुंद. आपला दूरदर्शनचा जो पाल प्रकार, त्यात ती सेकंदाला जेमतेम २.३४ सेंटिमीटर सरकते. पण समोरचा ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला २५. एका फेरीत एक चित्र. ड्रमवरची दोन हेडं अर्धं अर्धं चित्र तिरक्या रेघांत लिहितात आणि वाचतात. टेपच्या अगदी वरच्या कडेला आवाजाची पट्टी, अगदी खालच्या कडेला ‘आता चित्र सुरू’ अशा खुणांची पट्टी. बुरशी नेहमी कडेने शिरते, कारण रिळावर उघड्या असतात त्या कडाच. म्हणून बुरशीच्या कॅसेटीत चित्र बरं असतं पण आवाज दबतो, किंवा आवाज बरा आणि चित्र उड्या मारतं. हे कळल्यावर मला बरं वाटलं होतं. चित्र गेलंय असं वाटतं तेव्हा बहुधा फक्त काठ मळलेला असतो.

ओली बुरशी पुसायला जाल तर ती पसरते. आधी वाळवा. मी तिळाच्या लाडवांचा मोठा हवाबंद डबा घेतला, तळाशी सिलिका जेलच्या पुड्या, वर कॅसेटी उभ्या, झाकण घट्ट. दहा-बारा दिवस. उन्हात ठेवायचं नाही. आई म्हणालीच होती, ‘पापडांसारख्या गच्चीत टाक.’ टेप उन्हाने वाकडी होते. ओव्हन, हेअर ड्रायर, हे तर मनातही आणू नका. दहा दिवसांनी बुरशी कोरडी, भुकटीसारखी होते आणि ब्रशने झडते.

झाडायचं काम गॅलरीत, तोंडाला मास्क लावून. करोनातले एन-९५ उरले असतील ते इथे कामी येतात. कॅसेट उलटी केलीत की पाच स्क्रू दिसतील. ते काढा, पण कॅसेट पुन्हा सुलटी करून मगच वरचं झाकण उचला, नाहीतर स्प्रिंगा आणि रोलर गॅलरीच्या जाळीतून खालच्या मजल्यावर. उचलताच मोबाइलवर फोटो काढा. टेप कोणत्या खांबाच्या आतून आणि कोणत्याच्या बाहेरून जाते हे नंतर आठवत नाही, मी शपथेवर सांगते. मग रंगकामाचा मऊ, रुंद, कोरडा ब्रश घेऊन रिळाच्या गोल कडेवरून आतून बाहेर हलका फिरवा. दोन्ही बाजूंनी. टेपच्या काळ्या चकचकीत पृष्ठभागाला बोट लावायचं नाही, बोटाचं तेल राहतं.

एवढ्याने भागलं नाही तर दुसरा उपाय, वेळखाऊ. कॅसेटच्या तळाला, दोन चाकांच्या मधोमध एक छोटं भोक असतं. त्यात काडी दाबून धरली की चाकांचा ब्रेक सुटतो. झडप उघडी धरून, धागे न सुटणाऱ्या कापडाच्या चिमटीत टेप धरायची आणि चाक हाताने फिरवत टेप त्यातून जाऊ द्यायची. कापडाला किंचित, अगदी किंचित आयसोप्रोपाइल अल्कोहोल. औषधाच्या दुकानातलं जखमेचं स्पिरिट नको, त्यात पाणी असतं. तीन तासांच्या कॅसेटीत सुमारे २५८ मीटर टेप असते. मी चार संध्याकाळी केलं, शेजारी रेडिओ लावून, काडी धरायला भाचीला बसवून. दर पाच-सात मिनिटांनी कापडाची जागा बदला. काळसर डाग येतो तो चालेल, तपकिरी थर निघायला लागला तर थांबा, तो टेपचा जीव निघतोय.

तुटलेल्या टेपचं थोडक्यात सांगते. साधा सेलोटेप लावाल तर त्याचा गोंद उन्हाळ्यात बाहेर येऊन हेडाला चिकटतो. जोडपट्टी वेगळी मिळते. ती टेपच्या आतल्या, म्हणजे रिळाच्या मध्याकडे तोंड असलेल्या बाजूला लावायची. ड्रमला बाहेरची बाजू घासते. नुसतं मागे-पुढे पळवण्यासाठी तो जोड ड्रमवरून उगाच नेऊ नका.

मशीनचं हेड साफ करणं हा प्रत्येक घराचा वेगळा धर्म होता. दादा कोरी करकरीत दोन रुपयांची नोट घ्यायचा, तिच्यावर स्पिरिटचा थेंब, आणि ड्रमला नोट टेकवून हाताने ड्रम फिरवायचा. हसू नका, पद्धत मूळची बरोबर होती, फक्त नोट खरखरीत. आता शॅमॉयची, म्हणजे मऊ कातड्याची काडी मिळते. प्लग काढा, वरचं झाकण काढा. काडी अल्कोहोलमध्ये बुडवून ड्रमला आडवी टेकवा आणि तशीच स्थिर धरा. फिरवायचा तो ड्रम, वरच्या कडेला बोट लावून, सावकाश. काडी वर-खाली घासायची नाही. हेडाचं टोक नखाच्या कोरीपेक्षाही बारीक असतं, वर-खाली घासलं की टचकन मोडतं. आणि कान कोरायच्या कापसाच्या काड्या तर नकोतच. त्यांचा एक धागा अडकला की संपलं. माझ्या पहिल्या मशीनला मीच असं मारलं. प्रयोगशाळेत मुलांना ‘कापूस लेन्सला लावू नका’ म्हणून ओरडणारी मी. अर्धा तास वाळू द्या, मग प्लग लावा.

जोडणी सोपी आहे. व्हीसीआरच्या मागे पिवळं भोक चित्राचं, पांढरं आवाजाचं. त्यातून निघून यूएसबीला लागणारी एक कॅप्चर काडी मिळते, मला साडेसातशेला मिळाली. सॉफ्टवेअर म्हणून मी ओबीएस वापरते, फुकट आहे. इथे तीन ठिकाणी माणसं अडकतात. पहिलं, काडी आपण होऊन अमेरिकन पद्धत धरून बसते, मग चित्र काळंपांढरं येतं किंवा घरंगळतं, आणि लोकांना वाटतं कॅसेट गेली. सेटिंगमध्ये जाऊन ‘पाल बी’ निवडा, रंग येतील. दुसरं, जुना व्हीसीआर एकाच वायरीतून आवाज देतो, त्यामुळे हेडफोन लावला की शाहरुख फक्त डाव्या कानात बोलतो. ओबीएसच्या आवाजाच्या प्रगत सेटिंगमध्ये ‘मोनो’वर खूण करा. तिसरं, कुणी हात हलवला की त्याच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. ती टेपची चूक नाही, अर्धं अर्धं चित्र एकत्र आल्याचा परिणाम आहे. व्हिडिओवर उजवी क्लिक करून डीइंटरलेसिंगमध्ये ‘याडिफ २एक्स’ घ्या आणि फ्रेम रेट ५० ठेवा. आकार ७६८ गुणिले ५७६. मोठा आकडा टाकून चित्र सुधारत नाही, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. सेकंदाला आठ मेगाबिट ठेवलंत की एका तासाला साधारण साडेतीन जीबी लागतात, तीन तासांच्या कॅसेटीला अकराच्या आसपास.

चालवायच्या आधी कॅसेट एकदा शेवटपर्यंत पळवा आणि परत मागे आणा. इतकी वर्षं एकमेकांना चिकटून बसलेले वेढे मोकळे होतात. मग प्ले. चित्रात मुंग्या आल्या किंवा आडवा पट्टा फिरत राहिला तर ट्रॅकिंगचं बटण हळूहळू फिरवा, पट्टा खाली सरकत सरकत फ्रेमबाहेर जातो. अगदी तळाला दोन-चार रेघा थरथरत राहतीलच. त्या पूर्वीही होत्या, जुन्या टीव्हीच्या फुगीर काचेच्या चौकटीमागे झाकल्या जायच्या. राहू द्या त्यांना.

आणि मग खुर्ची घेऊन बसा. तीन तासांची कॅसेट तीन तासच घेते, घाई करायची सोय नाही.

जाहिरातींचं आता सांगते. दादा सतरा वर्षांचा होता आणि जाहिराती न घेता एपिसोड भरणं हे त्याच्या दृष्टीने कसब होतं. व्हीसीआरसमोर मांडी घालून, बोट पॉजवर. जाहिरात लागली रे लागली की टक. संपली की पुन्हा टक. जमलं तर कॉलर ताठ. पॉजमध्ये पाचेक मिनिटं गेली की मशीन आपोआप बंद पडायचं, मग त्याची धावपळ. कधी पाणी आलं म्हणून नळावर जावं लागायचं, कधी बाबा हाक मारायचे, कधी त्याला झोप लागायची. तिथे तिथे बोट चुकलेलं आहे. आणि आज कॅसेट बघताना, आईची शपथ, मालिका मी पुढे ढकलत होते आणि दादाची चूक कुठे झालीय ते शोधत होते. पांढऱ्याशुभ्र घेरदार फ्रॉकमधली निरमाची मुलगी. गोल्ड स्पॉटची बाटली, जी आता मिळतच नाही. ‘रुकावट के लिए खेद है’ची पाटी, पुरी चाळीस सेकंदं, आणि मागे एकसुरी सूं. एका ठिकाणी पॉज सुटायला उशीर झालाय आणि शेखरनचं वाक्य अर्ध्यातून सुरू होतं. ते अर्धं वाक्य आमच्या घरात वर्षभर तसंच म्हटलं जायचं. २०२०ला टाळेबंदीत ते पूर्ण ऐकलं तेव्हा चुकीचं वाटलं.

म्हणून म्हणते, कापू नका. ज्याला फक्त मालिका हवी त्याला नंतर वेगळी प्रत करून द्या. मूळ फाइल आहे तशीच राहू दे.

मालिका संपली की लोक स्टॉप दाबतात, तिथेच फसतात. व्हीएचएसवर नवीन भरलं की जुनं तेवढ्याच लांबीपुरतं पुसलं जातं. नवीन जिथे थांबलं, त्याच्यापुढे जुनं होतं तसंच असतं. ‘सर्कस ३’चा शेवटचा भाग संपला, पडदा निळा झाला, मुंग्या आल्या. मी उठून भाताला फोडणी द्यायला गेले, मशीन चालूच. आतून भाची ओरडली, ‘मावशी, इथे कुणीतरी जेवतंय!’

नलूआत्याच्या लग्नाची पंगत. नऊ मिनिटं उरली होती. दादरचं कार्यालय, व्हिडिओवाल्याचा तो डोळे दिपवणारा दिवा, त्याच्या उजेडात सगळ्यांचे कपाळाचे टिळे चमकतायत. केळीची पानं, मठ्ठ्याची भांडी. बाबा सदऱ्याच्या बाह्या दुमडून जिलेबी वाढतायत, आणि दिवा अंगावर आला की प्रत्येक वेळी परात पुढे धरून तोंड लपवतायत. एकदा लपवायचं राहून गेलं आणि ते सरळ कॅमेऱ्यात बघून ‘पुढे घे, पुढे घे’ असा हात करतात. आवाज नाही, त्या जागी नुसती सनई. वरच्या काठाला बुरशी होती ना, ती सनईसुद्धा पाण्यातून आल्यासारखी.

ही नऊ मिनिटं मी आत्याला पाठवली. तिचा फोन आला तो पाऊण तासाने. तोवर तिने ती चारदा बघितली होती. म्हणाली, ‘त्या मेल्याला सांग, मी माफ केलं.’ मेला म्हणजे दादा.

उतरवून झाल्यावर फाइलीच्या तीन प्रती करा. एक घरच्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे, एक इंटरनेटवरच्या साठवणीत. फाइलच्या नावात कॅसेटवर लिहिलेलं जसंच्या तसं घ्या, खोडलेलं सुद्धा. कॅसेटच्या कडेच्या कागदाचा फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. कॅसेट टाकू नका. पूर्ण मागे पळवून, उभी, पुस्तकासारखी, सिलिका जेलच्या पुडीसह डब्यात ठेवा. स्पीकर आणि मिक्सरच्या मोटरपासून लांब. पुड्या दर पावसाळ्याआधी बदलायच्या.

दादा आता पुण्याला असतो. त्याला तिन्ही कॅसेटी एका पेन ड्राइव्हवर घालून दिल्या. रात्री अकराला मेसेज आला, ‘मस्त! पण मध्ये मध्ये जाहिराती राहिल्यात गं. तेवढ्या कापून देतेस का?’